जांघेतली गाठ लपवू नका

पायात काटा मोडला किंवा ठेच चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. जुन्या बायका तिला 'अवधाण' म्हणतात. जखम भरली की ती सहसा बसतेही. पण जांघेतली प्रत्येक गाठ म्हणजे अवधाण नव्हे. असे का, हे कळण्यासाठी त्या जागेची रचना समजून घ्यायला हवी.

जांघेच्या खाली, मांडीच्या पुढच्या बाजूला एक त्रिकोणी खळगा असतो. इटलीचे शरीररचनातज्ज्ञ आंतोनिओ स्कार्पा यांच्या नावावरून त्याला 'स्कार्पाचा त्रिकोण' म्हणतात. बाहेरच्या बाजूने पाहिल्यास त्यात आधी येतो मज्जातंतू. गुडघा सरळ करणारे स्नायू याच्याच हुकमावर चालतात. त्याच्या शेजारी पायाला शुद्ध रक्त पुरवणारी रोहिणी. जांघेच्या मध्यावर बोटे टेकवली की तिचे ठोके लागतात. नंतर पायातले रक्त हृदयाकडे परत नेणारी नीला. नीलेच्याही आतल्या बाजूला एक लहानशी मोकळी जागा असते. नीलेला गरजेप्रमाणे फुगायला वाव मिळावा, ही निसर्गाची सोय!

पण हीच सोय कधी घातक ठरते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, बाळंतपणे यांमुळे पोटातला दाब वाढला की आतड्याचा एखादा भाग या जागेतून खाली उतरू शकतो. हा मांडीचा हर्निया. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, विशेषतः उतारवयात, तो अधिक आढळतो. गाठ असते सुपारीएवढी, बहुधा न दुखणारी. त्यात जागा अवघड, म्हणून घरात कुणाला सांगायचाही संकोच.

धोका नेमका इथेच आहे. या जागेचे तोंड अरुंद व कडक असते. त्यात आतडे अडकले तर त्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांतच ते निकामी होऊ लागते. गाठ एकाएकी दुखू लागली, टणक झाली, पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. गाठ चोळू नका, दाबून आत ढकलू नका.

पायाला जखम नसताना आलेली किंवा दोन आठवड्यांत न बसलेली गाठही डॉक्टरांना दाखवा. हर्नियाचे निदान वेळीच झाले तर ठरवून केलेली शस्त्रक्रिया तितकी जोखमीची नसते. संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टरांकडे जा, पण जा. आणि घरातल्या आजी, सासूबाई आपणहून सांगणार नाहीत. त्यांना तुम्हीच विचारा.