काडीकचऱ्याचा हिशेब
आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या आराखड्यात २०५० साली सुमारे १०० एक्झाज्यूल जैवऊर्जा गृहीत धरली आहे, तीही जंगलजमिनीवर ऊर्जापिके न घेता. एवढा जैवभार आणायचा कुठून? बेरजेत पिकांचे अवशेष सर्रास ‘टाकाऊ’ म्हणून धरले जातात. विदर्भातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या टाकाऊ कशा? त्यांवर चुली पेटतात. उसाचे चिपाड तर कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जाते. तिकडे इंग्लंडातले ड्रॅक्स वीजकेंद्र अमेरिकेतून लाकडी गोळ्या मागवते आणि धुरांड्यातून निघालेला कार्बन तिथल्या हिशेबात शून्य! तोडलेले झाड पुन्हा वाढायला दशके लागतात, हे त्या वहीत कुठेच नाही. जागतिक पुरवठ्याचे आकडे मांडणाऱ्यांनी चुलीचा, गुरांचा आणि मातीचा वाटा आधी वजा करावा.