वाकळ, यंत्र आणि परिग्रह



वाकळ शिवायला हातात धरायचं छोटं शिलाई यंत्र मागवलं. जुन्या लुगड्यांच्या चार पदरांत त्याची सुई अडकली. शिवाय त्याची शिलाई एकाच दोऱ्याची, साखळीसारखी. शेवटचं टोक ओढलं की सगळी उसवते. रोज अंथरायच्या वाकळेला हाताचा धावदोराच हवा.

कामाला आल्या दोनच वस्तू: बोटातलं अंगुस्तान आणि सुईत दोरा ओवायची बारीक तार. नजर कमी झाली म्हणून वाकळ सोडणार होते. त्या तारेमुळे हात चालू राहिला.

दशलक्षण पर्वात आपण उत्तम आकिंचन्य ऐकतो. लुगडी वाया जाऊ नयेत म्हणून वाकळ शिवायची, आणि तिच्यासाठी कपाटभर वस्तू साठवायच्या? माझं मत स्पष्ट आहे: ज्यानं काम होतं ते साधन, बाकी सारा परिग्रह.