आधी मीटर लावा

‘बॅटरी गेली, काकू. बदलावी लागेल.’ बोनेट उघडल्यापासून मिनिटभरात एका तरुणाने हा निकाल दिला, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून उतरलेला नाही. गाडी समोरच्या विंगमधल्या काकूंची. त्यांनी फोन करून मदतीची गाडी बोलावली होती. आलेल्या मुलाने हॉर्न वाजवून पाहिला, सेल्फ मारायला सांगितला, टकटक आवाज ऐकला आणि नव्या बॅटरीचा भाव सांगून टाकला. जुनी तो घेऊन जाणार होता. मीटर त्याच्या पेटीत होता, मी पाहिला. तो त्याने बाहेरही काढला नाही.

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. कागद तपासल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नसेल. पण बोनेटखाली काय चालतं ते आपल्याला कळत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलंय, त्यामुळे त्या पैसे आणायला वर निघाल्याही होत्या. माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की पार्किंगमध्ये कुणाचं बोनेट उघडं दिसलं की माझे पाय तिकडे वळतात. मी काकूंना थांबवलं आणि बॅटरीवरच्या शिक्क्यातला महिना-वर्ष वाचलं. दीड वर्षही झालं नव्हतं. म्हणजे बॅटरी खरोखर गेलेली असती, तरी ती वॉरंटीत फुकट बदलून मिळायला हवी होती. वॉरंटी कार्ड आहे का, एवढा एक प्रश्नही त्या मुलाने विचारला नव्हता.

बॅटरी काढून आम्ही चार्जिंगला नेली. रात्रभर लावून ठेवली आणि चार्जिंग थांबवल्यावर काही तास तशीच राहू दिली. मग मीटर लावला तर १२.६ व्होल्ट. गाडीत बसवून सेल्फ मारला तेव्हा आकडा दहाच्या खाली आला नाही. इंजिन चालू असताना १४.२. बॅटरी ठणठणीत, ती भरणारा अल्टरनेटरही ठणठणीत. मग ती बसली का? काकूंच्या मुलाने मागच्या सुट्टीत समोरच्या काचेला कॅमेरा लावून दिला होता, आणि त्याची वायर अशी जोडली होती की चावी काढली तरी तो चालूच राहील. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची. अशा कॅमेऱ्याने १०० मिलिअँपिअर जरी ओढले, तरी दिवसाला २.४ अँपिअर-अवर जातात आणि आठवड्यात निम्मी बॅटरी रिकामी होते. काकू गाडी काढतात ती मंडईपर्यंत आणि देवळापर्यंत. तेवढ्या अंतरात सेल्फने घेतलेलंही नीट भरून निघत नाही. त्यात हे पावसाचे दिवस. वायपर, दिवे, काचेवरची वाफ घालवायला पंखा, आणि चौकाचौकात खोळंबलेली गाडी. इंजिन नुसतं गुरगुरत असताना अल्टरनेटरही कमीच देतो.

ज्यांना आकडे हवेत त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या गाड्यांची बॅटरी सहा सेलची. भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर १२.६ किंवा थोडं वर. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण रिकाम्या बॅटरीवरून ती चांगली की वाईट, हे कुणालाच ठरवता येत नाही. आधी सावकाश पूर्ण चार्ज करायची, थांबायचं, मग तिच्यावर भार टाकून बघायचं. भरलेली असूनही सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली कोसळत असेल तर तिचे दिवस भरत आले. चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर एक सेल मेला आहे, तिच्यावर आणखी पैसे घालू नका. आणि इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जात नसेल तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा बघा. नाहीतर नवी बॅटरीसुद्धा आठवड्यात बसेल. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढला असेल तर त्याआधी तो साफ करा. कित्येकदा सगळा दोष तेवढाच असतो.

यात अवघड काहीच नाही. साधा मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांना मिळतो, आणि वर सांगितलेली तपासणी सातवी-आठवीतल्या मुलालाही करता येईल. मग बॅटरी तपासायला गेल्यावर आपल्याला थेट नवीच का दाखवली जाते? मला वाटतं, याचं कारण वेळ आहे. चार्जिंगला आठ-दहा तास लागतात आणि त्याचे मिळतात शे-दोनशे रुपये. बदलायला दहा मिनिटं लागतात आणि बिल होतं चार-पाच हजारांचं. दिवसभर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पळणाऱ्या त्या मुलाकडे रात्रभर थांबायला जागा नाही आणि वेळही नाही. त्याच्या वरच्यांनी त्याला विकायला पाठवलं आहे, तपासायला नाही. माझा राग त्याच्या वयावर नाही. त्याला पेटीतला मीटर वापरायची सवय लागू न देणाऱ्या पद्धतीवर आहे.

ही पद्धत पूर्वी अशी नव्हती. करमाळ्याला एस.टी. स्टँडाच्या मागच्या अंगाला चार्जिंगचं एक दुकान होतं. पत्र्याची शेड, आत अंधार, फळीवर एकापुढे एक मांडलेल्या बॅटऱ्या. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, जीपच्या, मंडळाच्या कर्ण्याच्या. प्रत्येकीवर मालकाचं नाव किंवा गावाचं नाव रंगाने लिहिलेलं. सगळ्या एका साखळीत जोडलेल्या आणि भिंतीवर पिवळ्या दिव्यांची एक रांग. ते दिवे उजेडासाठी नव्हते, साखळीतून जाणारा प्रवाह आवरायला होते. आत शिरताच ॲसिडचा वास घशाला लागायचा. दारात बिडी ओढणाऱ्याला दुकानदार आधी लांब घालवायचा, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी पुरते. ॲसिड उडून त्याच्या सगळ्या सदऱ्यांना भोकं पडलेली असत.

त्याच्याकडे काचेच्या नळीतला तरंगता हायड्रोमीटर होता. बूच उघडून तो एकेका सेलमधलं पाणी ओढायचा आणि घनतेचा आकडा खडूने बॅटरीच्या अंगावरच लिहायचा. सगळीकडे साडेबाराशेच्या वर आलं तर ‘उद्या न्या’. पाच सेल साडेबाराशे आणि एकच अकराशेवर आडून बसला असेल तर तो शेतकऱ्याला समोर बसवून सांगायचा, ‘पाटील, हिला आता चार्जिंगचे पैसे देऊ नका.’ हे सांगताना त्याचं गिऱ्हाईक तुटत होतं, तरी तो सांगायचा. त्या काळच्या काही बॅटऱ्यांचं वरचं डांबर तापवून तेवढाच सेल उघडता यायचा आणि आतल्या प्लेटा बदलता यायच्या. तोही उपाय तो सुचवायचा. बॅटरी त्याच्याकडे असेपर्यंत गिऱ्हाइकाचं अडू नये म्हणून बदली बॅटरी द्यायचा. माझ्या लेखी हा माणूस डॉक्टरच्या तोडीचा होता, आणि हे मी पूर्ण आदराने म्हणतो.

गावातल्या लोकांनाही बॅटरीची नस माहीत होती. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं. वीज नसली की ट्रॅक्टरची बॅटरी सोडून घरात आणायची आणि लहान काळा-पांढरा टीव्ही तिच्यावर लावायचा. अंगणापर्यंत माणसं बसायची. बॅटरी उतरायला लागली की चित्र कडेने आत आत आखडत जायचं. ते बघून माझी आजी, जिने आयुष्यात गाडीचं चाक हातात धरलं नाही, म्हणायची, ‘आता बंद करा रे, नाहीतर उद्या नांगरट राहील.’ किती ओढलं म्हणजे किती उरतं, याचा हिशेब तिच्या डोळ्यांसमोर होता. आज आपल्या गाडीत कॅमेरा, ट्रॅकर, रिमोट लॉक असं दहा ठिकाणी थोडं थोडं ओढणारं काही ना काही बसलेलं असतं. चित्र आखडताना मात्र दिसत नाही. दिसतं ते एकदम सकाळी, मुलांच्या शाळेच्या वेळेला.

सीलबंद बॅटऱ्या आल्या आणि त्यात पाणी घालायची कटकट गेली. हा फायदा खरा आहे आणि मला तो हवाच आहे. पण सेल उघडून बघायची सोयही त्यासोबत गेली. काही बॅटऱ्यांवर हिरवा ठिपका दाखवणारी खिडकी असते. ती फक्त एकाच सेलमध्ये बसवलेली असते, उरलेल्या पाचांबद्दल ती काहीच सांगत नाही. तेव्हा ठिपका हिरवा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका.

याचा अर्थ कुठलीही बॅटरी चार्ज करत राहायचं असा नाही. माझे मेहुणे अकोल्याला असतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर उभी राहणारी गाडी, चार वर्षांची बॅटरी, आणि दर पंधरा दिवसांनी जंपर केबल. बॅटरीचं आयुष्य खाते ती उष्णता. उन्हाळ्यात आतल्या आत खराब झालेली बॅटरी पावसाळ्यात उघडी पडते. त्यांच्या बॅटरीला मीटर लावला तेव्हा रात्रभर चार्ज होऊनही सेल्फला आकडा आठवर आला. बाजूही फुगलेली होती. तिथे मी स्वतः आग्रह करून त्यांना नवी घ्यायला लावली. बहीण आणि भाचे त्याच गाडीतून रात्री-अपरात्री गावाला जातात. जिथे आकडा ‘बदला’ म्हणतो, तिथे चार-पाच हजार वाचवायला जाऊ नये. जंपर लावून गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली, असंही समजू नका. वीस मिनिटांच्या चकरेने रिकामी बॅटरी भरत नाही. आणि अर्धवट रिकामी ठेवलेली बॅटरी प्लेटांवर सल्फेट घट्ट बसून खरोखरच मरते. चांगली बॅटरी आपण आळसाने मारतो ती अशी.

आणखी एक सांगायचं राहिलं. बदललेली जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. लहान गाडीच्या बॅटरीचं वजन नऊ-दहा किलो असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक शिसं. ते उघड्यावर वितळवलं जातं तेव्हा त्याची धूळ आजूबाजूच्या लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानात जुनी परत द्या आणि तिची वजावट बिलावर लिहून घ्या.

ज्यांची दुकानं आहेत, ज्यांची माणसं बोनेट उघडायला येतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या मुलांना आधी मीटर लावायला शिकवा आणि दिसलेला आकडा गिऱ्हाइकाला दाखवायला सांगा. वाचकहो, तुम्हीही आकडा बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका. बॅटरीवरची तारीख वाचा, वॉरंटीचा कागद गाडीतच ठेवा, आणि कुणी ‘गेली’ म्हणालं की विचारा, ‘किती व्होल्ट आले?’