श्वासाची वाट आणि एक काटकसरी विकर

जिना चढताना आजोबांना धाप लागली, की घरची मंडळी ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसतात. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काहींच्या फुप्फुसांत एक विपरीत बांधकाम चाललेले असते. जखम भरली की व्रण धरावा आणि काम थांबावे, हा शरीराचा नियम. येथे ते थांबतच नाही. पेशी कोलॅजन हे चिवट प्रथिन रचीत राहतात, वायुकोशांच्या नाजूक भिंती ताठ होतात आणि प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. या विकाराचे कारण अनेकदा सापडतच नाही. २०१४ साली अमेरिकेत त्यावर पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब या औषधांना मान्यता मिळाली. ती ऱ्हास मंदावतात. झालेला व्रण पुसत नाहीत.

तो पुसता येईल काय? आपल्या पेशींत ‘एएमपीके’ नावाचे एक विकर आहे. त्याची रीत काटकसरी गृहिणीची. पेशीची शक्ती एटीपी या द्रव्यात असते. ते खर्ची पडून एएमपी वाढू लागले, की हे विकर जागे होते, नवी बांधकामे आवरते आणि साठविलेले इंधन वापरावयास लावते. रुग्णांच्या फुप्फुसांतील व्रणग्रस्त भागांत नेमके हेच विकर मंदावलेले आढळले.

त्यास जागविणारे औषध मात्र जुनेच, मेटफॉर्मिन! पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेहावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली जाहीर केले, की ब्लिओमायसिन देऊन उंदरांच्या फुप्फुसांत पाडलेला व्रण मेटफॉर्मिनने ओसरू लागला.

पण उंदीर तो उंदीर. पिरफेनिडोनच्या चाचण्यांत ज्या रुग्णांना औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळाली होती, त्यांची माहिती पुन्हा तपासली असता मेटफॉर्मिन घेणारे व न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही.

म्हणून कोणी शेजाऱ्याची मधुमेहाची गोळी आजोबांस देऊ नये. ज्याच्या रक्तात प्राणवायू फारच कमी आहे वा ज्याचे मूत्रपिंड दुबळे आहे, त्याच्या शरीरात या औषधाने लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका असतो. धाप वाढत असेल, कोरडा खोकला हटत नसेल, बोटांची टोके फुगीर दिसत असतील, तर डॉक्टरांना पाठीच्या खालच्या भागावर नळी लावून ऐकण्यास सांगावे. तेथे बारीक करकर आवाज येत असेल, तर ते पुढील तपासणी करवितील.