डाळीच्या डब्यातले माइल्स

परवा आमच्या भिशीत एक वेगळाच विषय निघाला. गंगापूर रोडला एका मैत्रिणीकडे जमलो होतो. तिची लेक कॅनडात, दुसरीचा मुलगा सिंगापूरला, माझी लेक अमेरिकेत डॅलसला आणि मुलगा इंग्लंडात मँचेस्टरला. बाराजणींपैकी सातजणींची मुलं परदेशात! आपल्या नाशिकमध्ये आता याचं कुणाला नवल वाटत नाही. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. सातहीजणी दोन-चारदा विमानाने जाऊन आलेल्या, पण विमान कंपनीत स्वतःच्या नावाचं माइल्सचं खातं फक्त दोघींचं. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं. "ते सगळं हे बघतात." नाहीतर, "मुलगा करतो गं सगळं ऑनलाइन."

मीही कित्येक वर्षं हेच म्हणत होते. त्याची किंमत मोजली, म्हणून आज लिहायला बसले.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला २०११ साली आम्ही दोघं गेलो. डिंकाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला, चिवडा, सगळं वजनकाट्यावर मोजून भरलेलं. रात्री कसारा घाट उतरून मुंबई गाठली. २०१३ मध्ये नातीच्या वाढदिवसाला पुन्हा गेलो. दोन्ही वेळा तिकिटं एजंटकडून काढली आणि त्याने दोन्ही तिकिटांवर ह्यांचाच खातेनंबर टाकला. आम्हाला वाटलं, नवरा-बायकोचं एकत्रच जमा होत असेल. रेशनकार्ड एक, गॅसचं पुस्तक एक, तसंच हेही.

२०१५ मध्ये लेकीचं दुसरं बाळंतपण सात आठवडे आधीच झालं. बाळ काचेच्या पेटीत, थोरली नात चार वर्षांची, जावई एकटे. चार दिवसांत निघायचं होतं. ऐनवेळचं तिकीट किती महाग असतं ते सांगायला नकोच. मी म्हटलं, "अहो, आपले ते माइल्स आहेत ना?" खातं उघडून बघितलं, तर त्यात फक्त ह्यांच्याच प्रवासाचे माइल्स. माझे कुठेच नव्हते! चौकशी केली तेव्हा समजलं, माइल्स मिळतात ते उडणाऱ्या माणसाला, त्याच्याच नावाच्या खात्यात. तिकिटावर नाव माझं आणि नंबर ह्यांचा, म्हणून ते कुणालाच मिळाले नाहीत. मागाहून मागायची मुदतही उलटून गेली होती आणि बोर्डिंग पास तर मी कधीच रद्दीत टाकले होते. शेवटी पोस्टातली ठेव मोडली आणि गेले. नातू आता धडधाकट आहे, त्यामुळे ठेवीचं दुःख नाही. पण दोनदा सातासमुद्रापार जाऊन आले आणि हिशेबाच्या वहीत मी नव्हतेच, हे मात्र लागलं.

तिथून परत आल्यावर पहिलं काम केलं ते स्वतःचं खातं उघडायचं. एअर इंडियाचं उघडलं. त्याला कारण होतं. जगातल्या बऱ्याच विमान कंपन्यांनी आपापसात गट केलेत. स्टार अलायन्स १९९७ मध्ये झाला, वनवर्ल्ड १९९९ मध्ये, स्कायटीम २००० मध्ये. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. युनायटेड, लुफ्तान्सा, सिंगापूर, टर्किश याही त्याच गटातल्या. म्हणजे यातल्या कुठल्याही विमानाने गेलं, तरी तिकिटाचा प्रकार नियमात बसत असेल तर माइल्स आपल्या एकाच खात्यात टाकता येतात. तिथे वेगळी खाती काढली तर चार डब्यांत चार-चार दाणे, आणि भाजी कशाचीच होत नाही.

मग मुलगा मँचेस्टरला गेला आणि प्रश्न पडला दुसऱ्या खात्याचा. मँचेस्टरला जायला आम्हाला आखाती कंपन्यांची विमानं सोयीची. त्यातल्या एमिरेट्स आणि एतिहाद कुठल्याच मोठ्या गटात नाहीत, कतार आहे वनवर्ल्डमध्ये. त्यांचे माइल्स माझ्या पहिल्या खात्यात कुठून येणार? घरात चर्चा सुरू झाली. हे म्हणाले, "आहे ते एक पुरे. पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?" जावई म्हणाले, "आई, मी वापरतो तेच घ्या, गोल्ड कार्ड झालं की लाउंज मिळतं." मुलगा म्हणाला, "आई, क्रेडिट कार्डावर मिळतं ते घे."

तिघंही आपापल्या परीने बरोबर होते. पण तिघांनीही आपापल्याच प्रवासाचा विचार केला होता. जावई महिन्यातून दोनदा उडतात, त्यांचं कार्ड सोनेरी होईल. मी दोन-अडीच वर्षांतून एकदा जाते, माझं कधी होणार? माझं म्हणणं एवढंच आहे, की दुसरं खातं काढावंच, पण ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या स्वतःच्या फेऱ्यांवरून ठरवावं.

काढावंच का, तर एकाच कंपनीवर सगळी भिस्त ठेवू नये म्हणून. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, तिचं माइल्सचं खातं वेगळ्या नावाने चालू राहिलं, पण ज्या विमानात बसायचं तेच उडेनासं झालं. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. तिच्या प्रवाशांचे पॉइंट तिकडे वळते झाले, म्हणून निभावलं. आपल्या आया घरखर्चातून वाचवलेले पैसे बँकेत ठेवायच्याच, पण चार नोटा डाळीच्या डब्यातही असायच्या. दुसरं खातं म्हणजे तो डाळीचा डबा. मात्र तिसरं, चौथं नको. मग कुठल्या डब्यात काय ठेवलं तेच आठवत नाही.

आता ते निवडायचं कसं? मी वहीत चार प्रश्न लिहिले होते.

पहिला, मुलं राहतात त्या गावी कुठलं विमान जातं? आणि ते पहिल्या खात्याच्या गटाबाहेरचं आहे का? गटातलंच असेल तर दुसऱ्याची गरजच नाही.

दुसरा, माइल्स किती दिवस टिकतात? आपल्यासारख्यांसाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षांनी संपतात, मधे प्रवास केला तरी जुन्यांची मुदत वाढत नाही. एमिरेट्सचेही साधारण तीन वर्षं. याउलट ब्रिटिश एअरवेज आणि कतार या दोघी २०२२ पासून एकाच नावाचे, एव्हिओस नावाचे पॉइंट देतात आणि तिथे छत्तीस महिन्यांत खात्यात काहीतरी हालचाल झाली की मुदत पुढे सरकते. वर्षात पाच वेळा उडणाऱ्याला या फरकाचं काही नाही. दोन-अडीच वर्षांनी जाणाऱ्या आजीला मात्र हाच फरक सगळ्यात मोठा.

तिसरा, घरातल्यांचे माइल्स एकत्र करता येतात का? बऱ्याच कंपन्यांत आता ही सोय आहे. एमिरेट्सच्या कुटुंबाच्या खात्यात आठजण बसतात. पण ते जोडणं आधी करावं लागतं आणि एकाला कुटुंबप्रमुख नेमावं लागतं. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख झाली, मग इथे का नको?

चौथा, खात्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव सारखं आहे का? आपल्याकडे बायकांची नावं म्हणजे कोडंच. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मधे वडिलांचं की नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर जसं आहे तसंच खात्यावर आणि तसंच तिकिटावर हवं. नाहीतर माझ्यासारखी गत होते.

या चार प्रश्नांतून माझ्यासाठी कतारचं खातं निघालं. दोहामार्गे मँचेस्टरला जाता येतं, डॅलसलाही जाता येतं, आणि मुदतीची धाकधूक कमी. तुमची मुलं ऑस्ट्रेलियात असतील तर तुमचं उत्तर वेगळं येईल, आणि ते यायलाच हवं. नियमही सारखे बदलतात, त्यामुळे खातं उघडायच्या दिवशी ते पुन्हा एकदा वाचून घ्या.

भिशीत एकीने रास्त शंका काढली. "अगं, एवढ्याशा प्रवासात फुकट तिकीट मिळतं तरी का?" खरं आहे, लगेच नाही मिळत. बऱ्याच कंपन्या आता अंतरापेक्षा तिकिटाच्या किमतीवर माइल्स देतात आणि आपण तर सगळ्यात स्वस्त तिकीट शोधणार. शिवाय 'फुकट' तिकिटावरही कर आणि शुल्क भरावंच लागतं. म्हणून माइल्ससाठी महाग तिकीट घेऊ नये, आणि माइल्सच्या लोभाने गुडघे धरून कुठल्या विमानतळावर अकरा तास बसूही नये. आधी सोयीचं आणि परवडणारं तिकीट, मग माइल्स. पण जायचंच आहे, तिकीट काढायचंच आहे, तर त्यावर आपला नंबर टाकायला काय पैसे पडतात? तिकीट मुलाने काढून दिलं तरी उडणार आपण, मग माइल्सही आपलेच.

मैत्रिणींनो, विमानात आपण हौसेने कमी आणि गरजेने जास्त बसतो. कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, कुणाच्या नोकरीपायी नातवंडं सांभाळायची. सहा-सहा महिने दुसऱ्या देशात राहून घर सांभाळून येतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. सगळ्याची नोंद काही या खात्याने होणार नाही. पण पुन्हा असा रात्रीचा फोन आला, तर "आपले माइल्स आहेत का?" असं कुणाला विचारायची वेळ येऊ नये, स्वतःच बघता यावं.

आमची पुढची भिशी माझ्याकडे आहे. सगळ्यांनी पासपोर्ट घेऊन यायचं ठरलंय. आधी नावं तपासू, मग खाती उघडू. मिसळ त्यानंतर.