गुरुजी, लिंक भरली का?

हैदराबादेत काचीगुड्याहून एमएमटीएस लोकल सिकंदराबादच्या दिशेने निघाली की पहिलं स्टेशन आपलं विद्यानगर आणि दुसरं जामिया उस्मानिया. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचं ठरवलं, तेव्हा उर्दूत पाठ्यपुस्तकं नव्हती. म्हणून १९१७ सालीच ‘दार-उल-तर्जुमा’ हे भाषांतराचं खातं उघडलं गेलं. विद्यार्थी वर्गात येऊन बसण्याआधी शिक्षकाच्या हातात शिकवण्याच्या भाषेतलं साहित्य असलं पाहिजे, एवढं त्या मंडळींना नीट कळलं होतं. मराठी, तेलुगू आणि कानडी मुलांच्या वाट्याला मात्र ही सोय आली नाही. त्यांच्यासाठी विवेकवर्धिनीसारख्या शाळा लोकांनीच वर्गणी काढून उभ्या केल्या.

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग शिक्षक आणि नवं तंत्रज्ञान या विषयावर आहे. विषय जाहीर झाल्यावर ‘दिवाळी अंकात हे कसलं रुक्ष प्रकरण?’ असं काही जुन्या वाचकांनी विचारलं. त्यांना एवढंच सांगायचं आहे की, या शहराला हा विषय नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, नासाच्या उपग्रहावरून आणि इस्रोच्या देखरेखीखाली, देशातल्या सहा राज्यांमधल्या २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले. त्या सहांत तेव्हाचं आपलं आंध्र प्रदेश होतं. सकाळी शाळेच्या वेळेत मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम होत. हजारो प्राथमिक शिक्षकांचं विज्ञानाचं प्रशिक्षणही त्याच पडद्यावरून झालं. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठही १९८२ साली हैदराबादेतच निघालं. आणि नल्लकुंट्याच्या चुक्का रामय्या सरांकडे आयआयटीची तयारी करायला मुलं लांबून येत, तेव्हा त्यांच्याकडे फळा आणि खडू होता. उपग्रह काय, खडू काय, शिकवणारा माणूस पक्का असला की दोन्ही चालतात.

१ सप्टेंबर २०२० रोजी तेलंगणात दूरदर्शन यादगिरी आणि टी-सॅट या वाहिन्यांवरून शाळेचे धडे सुरू झाले. करोनामुळे शाळा बंद होत्या, त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. पण टीव्हीला हात वर करून शंका विचारता येत नाही. घरात एकच फोन आणि तो बाबांबरोबर कामावर गेलेला, ही अडचण तर घरोघरी होती. याच काळात सोलापूरच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी जे केलं, ते आमच्या मते त्या वर्षातलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं. वस्ती कामगारांची, ऑनलाइन वर्ग बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे. शिक्षकांनी सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या. अक्षरं, अंक, गणिताची सूत्रं, व्याकरण असं इयत्तांप्रमाणे सगळं भिंतींवर आलं. मुलं अंतर राखून या भिंतीवरून त्या भिंतीकडे जात आणि वाचत. यात विजेवर चालणारं काही नव्हतं, तरी आम्ही याला तंत्रज्ञानच म्हणू. मुलाच्या हाताशी काय आहे ते आधी पाहिलं आणि साधन मग निवडलं.

त्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी दुसरी वाट काढली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर त्यांनी क्यूआर कोड चिकटवले. पालकाच्या फोनवर कोड उघडला की कविता ऐकू येते, धडा दिसतो, स्वाध्याय मिळतो. फोन संध्याकाळी घरी येत असेल, तर शाळा संध्याकाळी उघडते. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने ही कल्पना राज्यभरच्या पुस्तकांसाठी उचलली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बक्षिसाच्या आकड्यापेक्षा या वाटणीत आम्हाला जास्त अर्थ दिसतो. शिक्षकाने शोधलेली युक्ती दुसऱ्या शिक्षकापर्यंत पोचली, तरच तिचं चीज होतं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी टॅबवर शिकवणं सुरू केलं आणि मग डिजिटल शाळांचं लोण राज्यभर गेलं, तेही प्रामुख्याने एका शिक्षकाचं पाहून दुसऱ्याने, असंच.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रातल्या कोणत्याही गुरुजींना विचारा, तंत्रज्ञान म्हटल्यावर त्यांना काय आठवतं? ‘लिंक भरा.’ पोषण आहाराची लिंक, हजेरीची लिंक, प्रशिक्षणाला बसल्याची लिंक, आणि लिंक भरली का ते विचारणारा केंद्रप्रमुखांचा संदेश. २०१६ च्या अखेरीस तर शिक्षकांनी दर सोमवारी मुलांबरोबर सेल्फी काढून तो सरकारी पोर्टलवर चढवावा, असा फतवा निघाला होता. ओरड झाली आणि तो बेत गुंडाळावा लागला. मात्र वृत्ती गेली नाही. वरून येणारं यंत्र शिक्षकाकडे माहिती मागतं. शेजारच्या शिक्षकाकडून आलेलं यंत्र त्याला काहीतरी देतं. आमचं सगळं म्हणणं या फरकात आलं.

म्हणून व्हॉट्सॲपवरच्या शिक्षकांच्या गटांना नाकं मुरडणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. सुप्रभात आणि गुलाबाची फुलं तिथे असतातच, त्याला इलाज नाही. पण अपूर्णांक समजावताना भाकरीचे तुकडे कसे वापरले, मुकं बसणारं पोर कशाने बोलतं झालं, हे रात्री दहा वाजता विचारायला एकशिक्षकी शाळेतल्या माणसाला दुसरी जागा कुठे आहे? त्याची शिक्षकखोली या गटातच आहे. एकच विनंती: मुलांचे चेहरे, नावं आणि गुणपत्रकं त्या गटांवर टाकू नका. पालकांनी मूल शाळेत पाठवलं आहे, प्रदर्शनात नाही.

मुलांच्या हाती फोन आहेच. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोनवर अभ्यासासाठी काही केलं होतं, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमं पाहिली होती. या दोन आकड्यांमधली दरी ॲप भरणार नाही, शिक्षकच भरेल. आता तर ‘माझा आवडता सण’ हा निबंधही यंत्र लिहून देतं. त्यात पणत्या असतात, फराळ असतो, फक्त त्या मुलाची आजी नसते. असा निबंध हाती आला, तर मुलाला रागावण्याऐवजी आजीला करंजीची मुरड घालायला कोणी शिकवलं ते विचारून यायला सांगा.

आपल्या गल्लीतला प्रश्न आणखी वेगळा आहे. तेलंगणाच्या २०१८ च्या कायद्याने पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची झाली. ते योग्यच आहे. ज्या मातीत राहतो तिची भाषा आलीच पाहिजे. पण तेलुगू, हिंदी, इंग्रजी या तिघींनंतर वेळापत्रकात मराठीला जागा उरत नाही. विद्यानगर, नल्लकुंटा, बरकतपुऱ्यातली आपली मुलं मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की अडखळतात. सोलापूरच्या पूर्व भागात याच्या अगदी उलट चित्र आहे. तिथली पद्मशाली घरातली मुलं घरी तेलुगू बोलतात, मराठी शाळेत शिकतात, आणि त्यातल्या पुष्कळांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. आपल्याकडे नाही ते त्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही ते आपल्याकडे. मध्ये एका रात्रीचा प्रवास, किंवा एक व्हिडिओ कॉल.

साहित्याची उणीव नाही. बालभारतीची पुस्तकं फोनवर फुकट उतरवता येतात. १९७१ पासूनच्या ‘किशोर’चे जुने अंकही बालभारतीने तसेच खुले केले आहेत. उणीव आहे ती समोर बसून ‘पुन्हा वाच, घाई करू नकोस’ म्हणणाऱ्या माणसाची. आणि तशी माणसं आपल्या वस्तीत भरपूर आहेत. मराठवाड्यात आणि इथे उभी हयात शिकवून निवृत्त झालेले गुरुजी आणि बाई संध्याकाळी शंकर मठाच्या बाजूला फिरायला निघालेले आम्ही रोज पाहतो.

 वाचकांमधल्या शिक्षकांना एक आग्रहाचं निमंत्रण. तुलसी विवाहानंतरच्या पहिल्या रविवारपासून, आठवड्यातून अर्धा तास, सोलापूरच्या एखाद्या शाळेशी फोनवर जोडून दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना वाचून दाखवायचं, असा आमचा विचार आहे. त्यांनी आपल्या मुलांचं मराठी सुधारावं, आपल्या मुलांनी त्यांना तेलुगूची अक्षरं शिकवावीत. ओळखीची शाळा असेल तर सुचवा, अर्धा तास असेल तर स्वतः या. फोन कसा चालवायचा ते मुलंच तुम्हाला शिकवतील. लिंक कुणालाही भरावी लागणार नाही.