परवलीचा शब्द

पूर्वी रात्रीच्या समयी गडाच्या दरवाजाशी कोणी आले, तर पहारेकरी त्यास परवलीचा शब्द विचारीत असे. शब्द जुळला तरच दरवाजा उघडे. त्यालाच हल्ली आपण पासवर्ड म्हणतो. बँकेतील त्याचे महत्त्व आपणांस पटलेले आहे, कारण तेथे आपला पैसा असतो. परंतु जेथे आपले रक्त तपासले जाते आणि आपल्या औषधांची पारख होते, त्या प्रयोगशाळेतही तो तितकाच मोलाचा असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हैदराबाद, वडोदरा, इंदूरजवळचे पीथमपूर, गोव्यातील वेर्णा ही औषधनिर्मितीची मोठी ठिकाणे आपल्या वाचकांच्या परिचयाची आहेत. ज्यांच्या घरची मुले-मुली अशा प्रयोगशाळांतून नोकरी करीत असतील, त्यांनी तरी हा लेख अवश्य वाचावा.

गडावर साऱ्या शिबंदीचा शब्द एकच असे. प्रयोगशाळेत तो प्रत्येकाचा वेगळा असावा लागतो. हा फरक का, ते पाहू.

प्रयोगशाळेतील नोंदी आता बहुतेक ठिकाणी संगणकात होतात. रक्ताच्या नळीवर बारकोड चिकटवितात, यंत्र मोजणी करते, तंत्रज्ञ आकडा पडताळतो आणि शेवटी डॉक्टर त्यास मान्यता देतात. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय केले, हे चांगले सॉफ्टवेअर आपोआप टिपून ठेवते. आकडा बदलला तरी जुना आकडा पुसला जात नाही. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत चूक आढळली, तर आपण पान फाडीत नाही. समासात दुरुस्ती लिहून सही करतो. तोच हा न्याय होय. मात्र संगणकास हस्ताक्षर ओळखता येत नाही. ज्याचा परवलीचा शब्द, त्याचीच सही, असे तो धरून चालतो.

आता कित्येक ठिकाणी काय घडते? एकाच्या नावाने सकाळी संगणक उघडतात आणि दिवसभर सर्वजण त्यावरच काम उरकतात. कोठे तो शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेस डकविलेला असतो. हेतू वाईट नसतो; काम अडू नये एवढेच. परंतु समजा, एखाद्या रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम ३.६ असता नोंदीत ६.३ झाले. पहिला आकडा निरोगी माणसाचा, तर दुसरा हृदयाची गती बिघडविण्याइतका धोक्याचा. ही नोंद कोणी केली? संगणक एकच नाव सांगेल, आणि ती व्यक्ती कदाचित त्या वेळी जेवावयास गेलेली असेल. अशा वेळी दोषी सापडत नाही आणि निर्दोषास आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही. किंबहुना त्या दिवसाच्या साऱ्याच नोंदींवरचा विश्वास उडतो.

यास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली नियम केला की, संगणकावरील सही एकाच व्यक्तीची असावी आणि ती दुसऱ्या कोणासही देऊ नये. तेथे औषध पाठविणाऱ्या आपल्या कारखान्यांनाही तो लागू होतो. २०१० नंतरच्या दशकात भारतातील अनेक कारखान्यांना त्या प्रशासनाने कडक इशारापत्रे धाडली. त्यांतील काहींत एकच पासवर्ड अनेकांनी वापरणे आणि चाचण्यांच्या नोंदी पुसून टाकणे, हे दोष स्पष्ट नमूद होते.

ही झाली घरातील शिस्त. बाहेरच्या चोराचे भय निराळेच. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील बरेचसे काम कागदावर करावे लागले. जून २०२४ मध्ये लंडनमधील मोठ्या रुग्णालयांच्या रक्ततपासण्या करणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर खंडणीखोरांनी असाच घाला घातला. रक्तगट जुळविण्याचे काम मंदावले, म्हणून सर्वांना चालणाऱ्या ओ गटाच्या रक्तासाठी लोकांना आवाहन करावे लागले. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या भेटी लांबणीवर पडल्या. चोरांनी लुटलेली माहिती उघड केली. तपासणीचा निकाल येण्यास झालेला विलंब एका रुग्णाच्या मृत्यूच्या कारणांपैकी एक होता, असे तेथील एका रुग्णालयाने २०२५ मध्ये जाहीर केले. माहितीची चोरी ही केवळ कागदपत्रांची चोरी नव्हे, हे यावरून दिसून येईल.

तेव्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुणांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. शब्द लांब असावा. चार-पाच असंबद्ध शब्दांची माळ उत्तम. मुलाचे नाव वा जन्मसाल नको. जागेवरून उठताना आपले खाते बंद करावे. मोबाइलवर येणारा अंक कोणालाही सांगू नये. कोणी नोकरी सोडून गेला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद व्हावे. नोंदींची एक प्रत मुख्य संगणकापासून तोडून वेगळी ठेवावी. आणि घरच्या मंडळींनीही आजीच्या रक्ताचा अहवाल साऱ्या गोतावळ्याच्या व्हॉट्सॲपवर टाकू नये. तो आजीचा आहे, तिला विचारावे.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे वरिष्ठच विचारतात, “तुझा पासवर्ड दे पाहू.” नव्या मुलीस नाही म्हणण्याचा धीर होत नाही. भीड भिकेची बहीण, असे आपले वडीलधारे म्हणत आले ते उगीच नव्हे. तिने नम्रपणे म्हणावे, “साहेब, आपले स्वतंत्र खाते उघडून घेऊ, मी लगेच तसे सांगते.” यात उद्धटपणा नाही. कोऱ्या कागदावर सही करून तो दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हे आपण आपल्या मुलांना लहानपणापासून शिकवितो. परवलीचा शब्द देणे म्हणजे तीच कोरी सही होय. आईबापांनी एवढे एकदा समजावून दिले, तर नाही म्हणताना त्या मुलीला घरचा आधार वाटेल.